बोटभर जाड ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, वर गोल, खाली निमुळता, दोरीला बांधून भिंतीशी सोडतात ना, तो. सगळ्या दिशांपैकी मला फक्त खालची दिशा कळते. शाळेत घातलं असतं तर पहिल्याच वर्गात गटांगळ्या खाल्ल्या असत्या. पण भिंत सरळ उभी आहे की नाही हे मात्र मला नेमकं कळतं, आणि आजवर त्या बाबतीत मी कोणाला फसवलं नाही. एकदा सोडून. त्या एकदाची गोष्ट सांगायला मी आज बसलो आहे. बसलो आहे असं नुसतं म्हणायचं, खरं तर मी एका खिळ्याला लटकलो आहे.

आधीच सांगून ठेवतो, माझ्या बोलण्यात तुम्हाला रडू सापडणार नाही आणि रागही नाही. पूर्वी मला बरंच काही वाटायचं. मग मी नऊ वर्षं भिंतीवर नुसता लटकून राहिलो, आणि तेवढ्या काळात ते वाटणं कुठेतरी निघून गेलं. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय बधिर होतो, तसं काहीसं. पाय झटकला की तो जागा होतो. मला झटकायला कोणी आलं नाही.

माझा जन्म एका लेथच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे दोन खोल्या, जमिनीवर तेलाचे डाग आणि खिडकीच्या काचांवर धातूची धूळ. जुन्या नळांच्या तोट्या, दाराच्या दोन मुठी आणि एक फुटकी घंटा वितळवून माझा गोळा झाला. लेथवाल्याने मला फिरवून फिरवून आकार दिला आणि माझी जाडी तीनदा मोजली. मग त्याने कडक लाकडाचा एक चौकोनी ठोकळा घेतला आणि तो अगदी माझ्याच जाडीचा होईपर्यंत घासत बसला. ठोकळ्याच्या मधोमध भोक पाडून त्यातून दोरी ओवली, आणि दोरीच्या टोकाला मला बांधलं.

मला न्यायला एक तरुण गवंडी आला होता. लेथवाल्याने मला त्याच्या हातात देताना बजावलं, "ही जोडी आहे बरं का. यातलं एक हरवलं, तर दुसऱ्यावर विश्वास ठेवू नकोस."

ही जोडी कशी चालते ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. गवंडी ठोकळा भिंतीच्या वरच्या टोकाला टेकवून धरतो आणि मला दोरीवर खाली सोडतो. आम्ही दोघं एकाच जाडीचे, त्यामुळे भिंत सरळ असेल तर मी खाली तिला जेमतेम टेकतो, नवख्या पाहुण्याने खुर्चीच्या कडेवर टेकावं तसा. भिंत एका बाजूला झुकली असेल तर मी तिच्यावर रेलतो. दुसऱ्या बाजूला झुकली असेल तर तिच्यात आणि माझ्यात फट राहते. गवंडी ते बघतो आणि वीट सरकवतो. एवढंच आमचं काम.

तो गवंडी पुढे नावाजलेला मिस्त्री झाला. सगळे त्याला मिस्त्रीच म्हणायचे. घरी त्याची एकुलती एक लेक तेवढी बाबा म्हणायची. एकतीस वर्षं मी त्याच्याजवळ होतो. त्याच्या बायकोने जुन्या सदऱ्याच्या बाहीची एक पिशवी शिवली होती, तिच्यात आमची जोडी राहायची. काम सुरू करण्याआधी तो मला सदऱ्यावर पुसायचा. ठोकळ्यावर जिथे त्याचा अंगठा टेकायचा, तिथे इतक्या वर्षांत एक छोटासा खळगा पडला होता.

मिस्त्रीची एक तऱ्हा होती. कोणी घर बांधायला सांगायला आलं की हा माणूस आनंदाने हो म्हणायच्या ऐवजी त्यांनाच कामाला लावायचा. एकदा एक नवरा-बायको आले. नवरा म्हणाला, "मिस्त्री, तुमचं फार नाव ऐकलंय. कधी सुरू करताय बोला."

"नावाचं राहू द्या," मिस्त्री म्हणाला. "मी सहा वर्षांपूर्वी बांधलेलं एक घर आहे, पत्ता देतो, ते आधी बघून या. नवं घर बघू नका. नवं घर कोणाचंही चांगलंच दिसतं."

"तुम्ही येताय ना बरोबर?"

"मी कशाला? मी असलो तर ते लोक भिडेखातर गोडच बोलतील. तुम्ही एकटे जा. घरातल्या बाईंना विचारा, भिंतीला भेग गेली का. आणि गेली असेल, तर बोलावल्यावर मी आलो का, ते तर विचाराच. कपाट जरा पुढे ओढायला सांगा, मागची ओल बघा. लाजायचं नाही."

एवढं करून ते परत आले की मिस्त्री आपले दोन्ही पंजे त्यांच्यासमोर धरायचा. वीट हे हात ठेवणार, दुसरा कोणी ठेवणार असेल तर त्याची आधी गाठ घालून देईन, असं सांगायचा. मग पाया किती खोल, वीट कुठली, काम किती दिवसांचं, ते सगळं आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात कागदावर लिहून द्यायचा. त्याच्या बायकोचा जीव नुसता वरखाली व्हायचा. "आलेलं गिऱ्हाईक पळवून लावायचं शिक्षण तुम्ही कुठे घेतलंत हो?" असं ती विचारायची. काही गिऱ्हाइकं खरंच पळाली. जी परत आली, त्यांच्या घरांच्या भिंतींना मी टेकलो. जेमतेम, कुठेही न रेलता. मित्रांनो, त्या दिवसांत मी सुखी होतो, आणि ते मला कळतही होतं.

मिस्त्रीच्या हाताखाली पुष्कळ जण शिकले. त्यातला एक पंचविशीचा, दोन मुलांचा बाप, डोक्याने तल्लख पण हाताला भारी घाई. मिस्त्री त्याला दिवसातून वीस वेळा "सावकाश!" म्हणायचा. म्हणता म्हणता ते त्याचं नावच पडलं. त्याची बायको डबा घेऊन यायची तीसुद्धा "सावकाश कुठायत?" म्हणून विचारायची.

गुडघे साथ देईनासे झाले तेव्हा मिस्त्रीने काम थांबवलं आणि आमची जोडी सावकाशच्या हातात ठेवली. "दोन्ही नीट सांभाळ," एवढंच म्हणाला. सावकाशने बाहीने डोळे पुसले. ते नाटक नव्हतं. त्याचं मिस्त्रीवर खरंच प्रेम होतं.

सावकाश बघता बघता मोठा कंत्राटदार झाला. एका वेळी चार-चार ठिकाणी कामं, दोन फोन, काचेच्या दाराचं ऑफिस. त्याच्या खुर्चीमागे लाल मखमलीच्या तुकड्यावर त्याने मला टांगलं. ऑफिसातली झाडलोट करणारी बाई दर आठवड्याला मला पावडर लावून घासायची. एवढा चकचकीत मी लेथवरून उतरलो त्या दिवशीही नव्हतो. गिऱ्हाईक आलं की सावकाश माझ्याकडे बोट दाखवायचा. "हा आमच्या गुरूंचा ओळंबा. आमचं काम म्हणजे त्याच शिस्तीतलं." गिऱ्हाईक माझ्याकडे बघून मान डोलवायचं आणि मनात आणलेले प्रश्न मनातच ठेवून सही करायचं.

पहिल्या वर्षी मला याची लाज वाटायची. तिसऱ्या वर्षी कंटाळा यायला लागला. सहाव्या वर्षानंतर काहीच वाटेना. बाहेर कुठल्या भिंती उठत होत्या आणि त्या सरळ होत्या की तिरक्या, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी लटकत होतो, झालं.

मध्येच ऑफिस मोठ्या जागेत हलवलं. सामान खोक्यांत भरलं, खोकी उघडली, आणि माझा ठोकळा सापडला नाही. सावकाशला सांगायची कोणाची छाती झाली नाही. ऑफिस सांभाळणाऱ्या माणसाने एका सुताराकडून घाईघाईने दुसरा ठोकळा करून घेतला, त्याला काळपट पॉलिश मारलं आणि दोरीत ओवला. लांबून बघितलं तर अगदी हुबेहूब. फक्त तो माझ्यापेक्षा बोटभर जाड होता. शोभेच्या वस्तूचं माप कोणी घेतलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं काही वाटलं नाही.

इकडे मिस्त्रीची बायको वारली होती, हे सगळं मला नंतर कळलं. नंतर त्याला अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. डाव्या हाताला चटका बसला तरी कळायचं नाही, डावीकडचं दिसायचंही धूसर. लेक त्याला आपल्या घरी घेऊन आली. घर तळमजल्याचं, पण दोनच खोल्यांचं. मिस्त्रीची खाट बाहेरच्या खोलीत, दारासमोर. मीटर बघायला येणारा, शेजारची बाई, नातवाचे मित्र, जो तो त्याच्या पायथ्यावरून आत जायचा. खाटेभोवती दोरीवर एक पडदा होता. लेक पडद्याआड त्याचं अंग पुसायची, कपडे बदलायची, आणि पलीकडे जावई वर्तमानपत्र वाचत बसलेला असायचा. जावई भला माणूस, तो पानं जरा जोरात उलटायचा, म्हणजे आतलं ऐकू येऊ नये. ज्याने लोकांच्या घरांना शेकडो दारं बसवली, त्याला लोटायला एक दार नव्हतं.

एक दिवस तो लेकीला म्हणाला, "पोरी, मला एक दार पाहिजे."

"दार?"

"खोली केवढीही असू दे. दार लोटता आलं पाहिजे, बस."

घरामागे थोडी मोकळी जागा होती. तिथे खोली बांधायचं ठरलं, चाकाची खुर्ची जाईल एवढ्या रुंद दाराची. आता ही लेक कशी, तर तिकीटखिडकीवर काम करून करून चौकस झालेली. घरात कुकर आणायचा तर चार शेजारणींना विचारणार आणि दुकानात झाकण तीनदा लावून बघणार. पडद्याचं कापड निवडायला तिने महिना घालवला होता. पण खोलीसाठी तिने एकच फोन केला, सावकाशला. बाबांच्या हाताखालचा माणूस, घरचाच. त्याची काय परीक्षा घ्यायची?

सावकाश दुसऱ्याच दिवशी आला आणि येताना मला घेऊन आला. खाटेशेजारी गुडघ्यावर बसून म्हणाला, "मिस्त्री, बघा कोणाला आणलंय."

त्याने मला मिस्त्रीच्या उजव्या हातात दिलं आणि ठोकळा डाव्या हातात ठेवला. मिस्त्रीने मला अंगठ्याने चाचपलं. टोकाजवळ एक बारीकसा चरा आहे, तो कधी पडला ते फक्त आम्हा दोघांना ठाऊक, तो त्याला सापडला. त्याचे डोळे भरून आले. डाव्या हातात ठोकळा तसाच पडून होता. ते बोट की लाकूड हेही त्या हाताला कळत नव्हतं.

मी इतक्या वर्षांनी त्याच्या हातात होतो. माझ्या आत काहीतरी हलायला हवं होतं. हललं असेलही, मला सांगता येत नाही.

लेकीने एका वहीत दोन-तीन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. ती जरा संकोचतच म्हणाली, "सावकाशदादा, तुम्ही बांधलेलं एखादं घर बघता येईल का? आणि इथे काम करायला माणसं कोण येणार?"

सावकाशने तोंड उघडायच्या आत मिस्त्री म्हणाला, "पोरी, ठेव ती वही. याला काय विचारतेस? माझा ओळंबा आहे त्याच्याकडे."

लेकीने वही मिटली. कागदावर काही लिहिलं गेलं नाही.

काम सुरू झालं. आदल्याच आठवड्यात सावकाशने दोन नवे गवंडी घेतले होते, एक थोरला, एक धाकटा. सावकाशने मला त्यांच्या हवाली केलं आणि बजावलं, "हे माझ्या गुरूंचं घर आहे. इथे तुमची हत्यारं काढायची नाहीत. भिंत याच ओळंब्याने उचलायची." मनापासून सांगितलं त्याने. इतर कामांवर तो असलं काही बघायचाही नाही. मित्रांनो, त्याने आदर दाखवला नसता तर ती भिंत सरळ झाली असती.

कारण आता बघा काय झालं. ठोकळा जाड, त्यामुळे सरळ भिंतीपाशी माझ्यात आणि तिच्यात फट राहायची. गवंडी म्हणायचे, भिंत बाहेर गेलीय, आणि मी टेकेपर्यंत वरच्या विटा आत सरकवायचे. थोरल्याच्या पिशवीत त्याचा स्वतःचा लोखंडी ओळंबा होता. कमरेइतकी भिंत झाल्यावर त्याने तो काढून लावून बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, हा तर वेगळंच सांगतोय."

"साहेब काय म्हणाले?" धाकटा म्हणाला. "हाच लावायचा. पितळेचा आहे तो, तुझ्या लोखंडापेक्षा त्याला जास्तच कळत असेल."

थोरल्याने लोखंडी ओळंबा पुन्हा पिशवीत टाकला. थरावर थर चढत गेले, आणि दर टप्प्याला तो फरक साचत गेला. मला सगळं समजत होतं. टेकायला नको होतं तिथे मी टेकत होतो, आणि ते दोघं समाधानाने पुढची वीट ठेवत होते. सावकाश दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा कानाला फोन, भिंतीवर एक थाप, आणि "छान चाललंय, मिस्त्री!" खिडकीतून मिस्त्री उजवा हात हलवायचा.

स्लॅब टाकायच्या आदल्या दिवशी सकाळी लेकीने बाबांना चाकाच्या खुर्चीत बसवून नव्या खोलीत आणलं. दाराची चौकट बसली होती. मिस्त्रीने चौकटीवरून हात फिरवला. खाट कुठे लागणार, उशी कुठल्या बाजूला येणार, ते त्याने लेकीला विचारून घेतलं. मग म्हणाला, "आण तो इकडे. एकदा मला धरू दे."

लेकीने थोरल्या गवंड्याकडून आमची जोडी घेतली आणि ठोकळा बाबांच्या हातात दिला. या वेळी उजव्या.

त्याचा अंगठा सवयीने खळगा शोधायला गेला. इकडे गेला, तिकडे गेला.

"हा कोण?" मिस्त्रीने विचारलं.

"ठोकळा आहे, बाबा. तुमचाच."

"माझा नाही."

त्याने लेकीला मला ठोकळ्यावर आडवं धरायला लावलं. ठोकळा माझ्या पलीकडे चांगला बोटभर उरला. मिस्त्रीने वर भिंतीकडे बघितलं आणि थोरल्या गवंड्याला म्हणाला, "तुझा ओळंबा असेल ना? लाव बघू."

थोरल्याने गुपचूप पिशवी उघडली. लोखंडी ओळंबा बाहेरून भिंतीवर असा रेलला की पोरालाही कळावं. वरपासून खालपर्यंत दीड बोटाचा फरक होता, आणि भिंत झुकली होती ती आत, खाट लागणार होती त्या बाजूला.

सावकाशला फोन गेला. तो आला, त्याने बघितलं, आणि सवयीने भराभर बोलून गेला, "दीड बोट ना? गिलाव्यात झाकून टाकतो, मिस्त्री. कोणाला कळणारही नाही."

"मला कळेल. मीच झोपणार आहे इथे."

सावकाशचं तोंड एवढंसं झालं. मिस्त्रीने आवाज चढवला नाही. थोरल्या गवंड्याकडे मान वळवून त्याने सावकाशला विचारलं, "यांचं नाव काय रे?"

सावकाशने गवंड्याकडे बघितलं. गवंड्याने हातातल्या थापीकडे बघितलं. नाव काही निघालं नाही.

"गेल्या पाच वर्षांत जी घरं दिलीस, त्यातल्या एखाद्या घरी परत गेला होतास?"

"वेळ कुठे मिळतो, मिस्त्री."

"कोणी बोलावलं होतं का?"

"बोलावतात. मी माणूस पाठवतो म्हणतो," सावकाश म्हणाला. "कधी कधी पाठवतोही."

 उजव्या हाताने मिस्त्रीने आपला डावा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला. "हे मी आधी विचारायचं होतं," तो म्हणाला. "जन्मभर लोकांना विचारायला लावलं, आणि माझ्या घराच्या वेळी मीच पोरीला गप्प बसवलं." त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. अर्धा चेहरा झटक्याने मेला होता, उरलेला अर्धा त्या सकाळी.

"उतरव," तो म्हणाला.

"मिस्त्री, माझी सगळी माणसं अडकलीत. परत उभं करायला दोन-तीन महिने जातील. तोवर तुम्ही पुन्हा त्या पडद्यामागे..."

"उतरव."

लेक इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, दीड बोटासाठी? माझी पाठ बघा जरा. मी किती उचलायचं अजून तुम्हाला?" त्या संध्याकाळी तिने पडद्याआड त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले, आणि पडदा जोरात ओढून घेतला.

सावकाशची माणसं येऊन भिंत उतरवून गेली. विटा रचून ठेवल्या. सावकाश स्वतः आला नाही. मला मात्र त्याने परत मागितलं नाही.

आठवडाभराने लेकीने ती वही पुन्हा काढली आणि बाबांच्या खाटेशी येऊन बसली. "सांगा," म्हणाली. तो सांगत गेला, ती लिहीत गेली. पुढचे तीन रविवार ती वही पर्समध्ये घालून फिरली. एका कंत्राटदाराने फोनवर चाळीस फोटो दाखवले, पण पत्ता एकाचाही देईना. दुसरा म्हणाला, "ताई, विश्वासावर जग चालतं." तिने नमस्कार केला आणि जिना उतरली. तिसरी एक चष्मेवाली गवंडीण होती, भावाबरोबर काम करायची, बोलायला तुटक. तिने सात वर्षांपूर्वीच्या एका घराचा पत्ता दिला आणि पुन्हा आपल्या कामाला लागली.

लेक त्या घरी एकटी गेली. लाजत लाजत कपाट ओढायला सांगितलं. घरातली म्हातारी म्हणाली, "त्या कोपऱ्यात ओल आली होती बघा. त्या गवंडिणीला बोलावलं, आली. पण तिला काही ते जमलं नाही. पावसाळ्यात ओल पुन्हा तशीच. मग दोन महिन्यांनी ती बाई आपणहून आली, पुन्हा सगळं खरवडलं, तेव्हा कुठे ओल थांबली."

लेकीने घरी येऊन हे सांगितलं आणि विचारलं, "बाबा, एकदा जमलं नाही म्हणजे काय समजायचं?"

"परत आली ना?" मिस्त्री म्हणाला. "तिलाच दे."

या वेळी सगळं कागदावर आलं. चष्मेवालीने मला बघितलं, ठोकळा बघितला, आणि न विचारता ठोकळा बाजूला काढला. नवा ठोकळा मिस्त्रीने उजव्या हाताने दोनदा नापास केला, तिसरा पास केला. भिंत चढताना तो खुर्चीत बसून असायचा, आणि लेक कामावरून आली की तिला माझ्याकडे बघायला लावायचा.

"काय म्हणतोय?"

"टेकतोय, बाबा."

"रेलत नाही ना?"

"नाही. जेमतेम."

दोन महिन्यांवर काही दिवस लागले. खोली झाली, गिलावा झाला, दार लागलं. मला आतल्या बाजूला या खिळ्यावर टांगलं. पहिल्या संध्याकाळी लेकीने खुर्ची आत आणली, त्याला खाटेवर घेतलं, पाण्याचा पेला उजव्या हाताशी ठेवला आणि उगीचच चादर सारखी करत राहिली.

"झालं," मिस्त्री म्हणाला. "आता दार लोट."

ती बाहेर गेली आणि तिने दार लोटलं. त्यानंतर आत काय झालं ते मी बघितलं. ते मी सांगणार नाही. दार त्यासाठीच बांधलं होतं.

काही दिवसांनी सावकाश आला. फोन गाडीतच ठेवून आला होता म्हणे. अंगणातून त्याचा आवाज ऐकू आला, "झोपलेत का मिस्त्री?" लेक म्हणाली, "माहीत नाही. दार लावलंय." तो उरलेल्या विटांवर तासभर बसला आणि निघून गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, पुन्हा बसला. तिसऱ्या खेपेला मिस्त्रीने आतून हाक मारली. सावकाश नावाचा तो माणूस जन्मात पहिल्यांदाच नावासारखा वागला होता.

मिस्त्री या खोलीत एक हिवाळा आणि एक उन्हाळा राहिला. मग गेला. मला रडू आलं नाही. मी दोरीवर सरळ लटकत होतो, तसाच लटकत राहिलो.

मित्रांनो, उद्या तुमच्या घरी काम निघेल. खोली वाढवायची असेल, नाहीतर नुसती एक भिंत. कोणी चकचकीत ओळंबा दाखवेल, कोणी गुरूचं नाव सांगेल, कोणी तुम्हाला ताई-दादा म्हणेल. तेव्हा वही मिटू नका. जुनं घर बघायला जा, एकटे जा, कपाट ओढायला सांगा. तुमच्या भिंतीवर वीट ठेवणाऱ्या माणसाला त्याचं नाव विचारा. कंत्राटदार ओळखीचा असला तरी विचारा, ओळखीचा असला तर दोनदा विचारा, त्यात त्याचा अपमान नाही. सावकाशला कोणी वेळेवर विचारलं असतं, तर तोही बिचारा सुधारला असता. आणि माझ्यासारखी एखादी वस्तू कोणी तुमच्या हातात दिलीच, तर ती ज्या हाताला कळतं त्या हातात घ्या.

मला कोणी घासत नाही आता, थोडा काळवंडलो आहे. चष्मेवाली अधूनमधून मागून नेते, ठोकळ्यासकट नेते आणि ठोकळ्यासकट आणून देते. बाकी दिवसभर ही खोली रिकामीच असते.

फाटक वाजलं. लेक कामावरून आली वाटतं. रोज आली की ती पर्स बाहेर ठेवते, इथे येते, बाबांच्या खाटेवर दहा मिनिटं बसते. आलीच बघा. ती दार लोटून घेते आहे, तेव्हा मी आता थांबतो.